पायाळूचा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा बाकीचं सगळं बोलते, आणि या जागी आले की घाईघाईनं उदबत्ती लावते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही — आणि वाचताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला बघावं लागणार नाही. म्हणजे आजही मी माझी सोय बघूनच बोलतेय. पुढे कुठे माझी दया यायला लागली, तर ही ओळ आठवा.

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आईचा जीव जायचाच काय तो बाकी राहिला होता म्हणे. अशा पोरीला खरं तर चार शिव्या बसायला हव्यात, पण आपल्याकडे उलटं. पाठीत उसण भरली, कंबर धरली, की पायाळू माणूस शोधायचा, त्याच्यापुढे पालथं पडायचं आणि दुखऱ्या जागेवर त्याचा पाय लावून घ्यायचा. सांगलीला आमच्या गल्लीत मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मोठमोठी माणसं माझ्यापुढे पालथी पडत आली. शाळेतले मास्तर, पिठाच्या गिरणीचे मालक, एकदा तर वडिलांचे साहेब. मला गाणं येत नव्हतं, रांगोळी येत नव्हती, अभ्यासात मी जेमतेम. पण साहेबांच्या पाठीवर पाय ठेवलेली मुलगी अख्ख्या गल्लीत मी एकटीच होते. त्याची चटक लागते हो. कुणी कबूल करत नाही, पण लागते.

लग्न होऊन अजमानला आले. आमच्या यांचा जेवणाच्या डब्यांचा धंदा — एक किचन, एक व्हॅन, आणि घरच्या भाकरीला आसुसलेली, साइटवर राबणारी आपल्याकडची पोरं. मला वाटलं होतं, परक्या मुलुखात कोण विचारतंय माझ्या पायाला? पण इथे तर पाठदुखीची जत्राच भरलेली. अजमानला स्वस्तात घर घ्यायचं आणि रोज दुबईला नोकरीला जायचं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ गाडीत बसून कंबरेचं लाकूड. ऑफिसात पुन्हा खुर्ची. साइटवरची पोरं टाइल्सचे खोके कंबरेतून वाकून उचलणार. बायका घरी मऊ गाद्यांवर झोपून आखडणार आणि दोष एसीला देणार. आधी जेल चोळून, पट्टा बांधून, गोळ्या खाऊन बघत, आणि शेवटी माझ्या हॉलमध्ये येऊन कार्पेटवर पालथे पडत. दोन-चार दिवसांनी फोन यायचा — "वहिनी, एकदम क्लिअर! खलास!" शारजाहून माणसं यायची, एकदा तर पार अबूधाबीतल्या खलिफा सिटीहून एक जोडपं आलं. दारात चपलांचा ढीग बघितला की माझी मान ताठ व्हायची. माझी पाठ कधी दुखली नाही, हेही सांगून ठेवते.

मग सारिका आली.

संदीप माझा धाकटा दीर. आमची व्हॅन तोच चालवायचा, डबे पोचवायचा. कागलजवळच्या एका खेड्यातली मुलगी करून घेऊन आला. काळीसावळी, अंगानं काटक, बोलायला मोकळी. मला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणायची आणि मनापासून म्हणायची. इंग्लिश शून्य, हिंदी मोडकंतोडकं. पण तिच्या हाताला चव होती. माझ्या हाताला नुसतं मीठ होतं. महिनाभरात डबेवाली पोरं यांना विचारायला लागली, "शेठ, हल्ली कोण बनवतंय?" माझा मुलगा — ज्याला मी घास भरवून वाढवला — ताट पुढे सरकवून म्हणाला, "मम्मा, काकूज इज बेटर." आठ वर्षांच्या मुलाचा राग धरायचा नसतो. मी धरला नाही. तो मी दुसरीकडे साठवला.

किचनमध्ये मोठी शेगडी जमिनीवर होती. तिच्यावर दोन माणसांनी उचलायची पातेली. सारिका ती एकटी उचलायची, कंबरेतून वाकून, एका हिसक्यात. संदीप एकदा म्हणाला, "वहिनी, लोखंडी स्टँड करून आणतो, शेगडी ओट्याच्या उंचीला घेऊ. हिला वाकून वाकून त्रास होतोय." मी म्हटलं, मला उभ्यानं ढवळायची सवय नाही. तेव्हा मी ढवळत कुठे होते? मी हिशेबाच्या टेबलाशी बसून फोन घेत होते. पण शेगडी खालीच राहिली.

दिवाळीत तिच्या कंबरेत पहिल्यांदा कळ आली. फराळाला आमच्या ओळखीच्या सगळ्या बायका घरी जमल्या होत्या. ती चकलीचं ताट घेऊन येता येता वाकडी झाली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मी लगेच पदर खोचला. म्हटलं, ये गं, पड पालथी, आत्ता पाय लावते. आणि ती हसली.

"नको ताई! आमच्या गावात बी एक पायाळू म्हातारा हुता. समद्या गावाला पाय लावायचा. त्येची सोताची कंबर धरली, तवा पयला पळाला कोल्हापूरच्या दवाखान्यात!"

बायका हसल्या. अशा हसल्या की एकीच्या हातातला चहा सांडला. त्यातल्या निम्म्या माझ्या कार्पेटवर पालथ्या पडून गेलेल्या होत्या. मी सगळ्यात मोठ्यानं हसले. तिच्या मनात काही नव्हतं हो — ती तशी बोलायचीच. मला ते तेव्हाही कळत होतं. कळूनसुद्धा मी ते हसू मनात धरून ठेवलं, रोज थोडं थोडं परतत राहिले. तुम्ही कधी ठेवलंय असं काही? ठेवलं असेल तर तुम्हाला पुढचं समजेल.

कळ गेली नाही. वाढली. कंबरेतून कुल्ल्यात, तिथून मांडीमागून पोटरीत, पार डाव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या. रात्री कूस बदलता येईना. नव्या वर्षाच्या सुरुवातीला संदीपच म्हणाला, डॉक्टरला दाखवू. त्याला व्हॅन सोडता येत नव्हती, आणि डॉक्टरशी इंग्लिश बोलणारं घरात कोण? मी. आमच्याकडे हे ठरलेलंच होतं. शाळेत, बँकेत, क्लिनिकात — बाईमाणूस असेल तर वहिनी बरोबर जाणार आणि वहिनी सांगेल ते खरं.

डॉक्टर सीरियाचे होते, वयस्क, सावकाश इंग्लिश बोलणारे. त्यांनी सारिकाला टेबलावर उताणी झोपवलं आणि डावा पाय सरळ ठेवून वर उचलायला लागले. वीतभरही उचलला नसेल, ती ओरडली. मग त्यांनी तिच्या अंगठ्यावर बोट ठेवून खुणेनं सांगितलं, वर दाब. उजवा अंगठा टणक. डावा — बोटाखाली नुसता दबला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा पाठीचा कणा जवळ ओढला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, हे हिला नीट समजावून सांगा.

ते काय म्हणाले ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणाले, पाठदुखी बहुतेक वेळा स्नायूंची असते. चुकीचं बसणं, चुकीचं उचलणं, वजन, व्यायाम नसणं. ती दुखणी थोड्या आठवड्यांत आपोआप उतरतात. थोडं शेकायचं, पडून न राहता चालत-फिरत राहायचं. पण हिचं तसं दिसत नाही. दोन मणक्यांच्या मधली गादी मागे सरकून नसेवर दाबतेय, म्हणून दुखणं पायात उतरलंय. एमआरआय काढू. वजन उचलणं आजपासून पूर्ण बंद. गोळ्या देतो. शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडून व्यायाम शिकायचे. त्यानं बहुतेक जण सावरतात. नाही सावरली तर पाठीत इंजेक्शन असतं, आणि अगदीच वेळ आली तर ऑपरेशन. मग बोट वर करून म्हणाले — कुणाकडून रगडून घ्यायचं नाही. पाठ मोडून घ्यायची नाही. पाठीवर पाय तर मुळीच नाही. तुमच्या लोकांत करतात ते, मी बघितलंय. आणि पाऊल वर उचलता येईना, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर एक तासही थांबायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं.

इतकं सगळं ते बोलले, आणि माझ्या कानात काय अडकलं माहीत आहे? ती दुखणी आपोआप उतरतात. म्हणजे मास्तर, गिरणीवाले, साहेब, खलिफा सिटीचं ते जोडपं — सगळे आपोआप बरे झाले होते? मी नुसती पाय ठेवून उभी होते? तो म्हातारा डॉक्टर मला ओळखतही नव्हता, आणि त्यानं माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं दोन वाक्यांत काढून घेतलं. आणि ज्या पोरीनं हे आधीच हसून सांगितलं होतं, ती टेबलावर पडून माझ्याकडे बघत होती.

"काय म्हनले ओ, ताई?"

मी म्हटलं, काही नाही गं. शिरेवर शीर चढलीय. उसणच आहे. गोळ्या दिल्यात, पण म्हणतात गोळ्यांनी नुसतं बधिर होईल. फोटो काढायची गरज नाही. पडून राहायचं नाही, नेहमीचं काम करत राहायचं, म्हणजे अंग मोकळं होतं. आणि — हे म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही — म्हणतात, तुमच्याकडे कुणी जाणतं असेल तर पाठ दाबून घ्या.

डॉक्टर शेजारी बसून मान डोलवत होते. त्यांना वाटलं, मी त्यांचंच सांगतेय. सारिका टेबलावरून उतरली, त्यांना हात जोडून "शुक्रन" म्हणाली. आभाराचा तो एकच अरबी शब्द ती इथे शिकली होती. डॉक्टर खूश झाले. फिजिओथेरपीची वेळ त्यांनी दोन दिवसांनंतरची दिली होती. मी खाली उतरून गाडीत बसायच्या आधी फोन केला आणि ती रद्द केली. एमआरआयचंही तसंच. सारिका शेजारच्या सीटवर बसून विचारत होती, "कुनाचा फोन ओ?" मी म्हटलं, भाजीवाल्याचा.

संध्याकाळी घरी यांनी विचारलं, संदीपनं विचारलं. मी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती पातेली उचलत होती. दात दाबून उचलत होती. मी टेबलाशी बसून बघत होते.

मला तिला अपंग करायचं होतं का? नाही. इतकंच म्हणून थांबले तर खोटं होईल. मला तिनं माझ्या कार्पेटवर पालथं पडायला हवं होतं, त्याच बायकांसमोर. आणि त्यासाठी तिचं दुखणं वाढायला हवं होतं. वाढावं म्हणून मी वाट बघत होते. भात शिजायची वाट बघतात तशी, अधूनमधून झाकण काढून.

फार थांबावं लागलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही सुट्टी बघून रविवारी केलं. दिवाळीच्या त्याच सगळ्या बायका. सारिकानं काळी साडी नेसलेली, आणि तिला खाली बसता येत नव्हतं. सगळ्या बसलेल्या, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी. घाम आलेला. मी तिळगुळाचं ताट फिरवत राहिले. बोलायची गरजच नव्हती. तीच म्हणाली, सगळ्यांदेखत, "ताई, तुमी पाय लावा. डॉक्टर बी त्येच म्हनले न्हवं?"

बघा — माझंच खोटं मला परत दिलं तिनं, प्रसादासारखं.

कार्पेट मोकळं केलं. ती पालथी पडली. बायका भोवती उभ्या राहिल्या. ती म्हणाली, "हळू हां, ताई." आता एक सांगते. पाय लावायचा म्हणजे टेकवायचा असतो. नुसता टेकवायचा, फिरवायचा, उचलायचा. वजन घालायचं नसतं. हे मला फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ठाऊक आहे. आईनं मला ते हात धरून शिकवलं होतं. मी टाच ठेवली. जागा मला डॉक्टरांनीच दाखवली होती, प्लास्टिकच्या कण्यावर. टाच ठेवली — आणि दुसरा पाय जमिनीवरून उचलला.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी आधी ऐकला नव्हता. एक बाई टाळी वाजवून म्हणाली, "निघाली बघा उसण!" सगळ्यांनी माना डोलवल्या. सारिकाला दोघींनी धरून उठवलं, ती पांढरीफटक पडली होती आणि तरी हसायचा प्रयत्न करत होती. मी तिच्या तोंडात तिळगूळ घातला. म्हटलं, गोड बोला.

इथे मला थांबावंसं वाटतंय. तुम्हालाही वाटत असेल, झालं हिचं सांगून. पण हे नव्हे ते. हे मी कधीतरी कुणाला सांगूही शकले असते — तोल गेला, वजन पडलं, चुकून झालं. लोकांनी मान्यही केलं असतं. जे मला सांगता आलं नाही ते दुसऱ्या दिवसाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे किचनवर गेले, संदीप व्हॅन घेऊन गेला, मुलगा शाळेत. सारिकाला मी घरीच राहा म्हटलं होतं. मोठ्या मनानं. ती भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. खाली बघत, लाजत — बायका बायकांना सांगतात तशा आवाजात — म्हणाली, "ताई, बसल्यावर खालचं काय कळंनाच झालंय. आन सकाळपास्नं लघवी बी हुईना. ह्यास्नी कसं सांगू मी?"

मी वांगी चिरत होते. विळीवरून हात उचलला नाही.

मला समजलं नाही असं नाही. मला लगेच समजलं. डॉक्टरांचं वर केलेलं बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं. एक तासही थांबायचं नाही. अजमानमध्ये हॉस्पिटल लांब नाही. माझ्याकडे लायसन्स आहे, गाडी खाली उभी होती, किल्ली फ्रिजवर होती. मी काय केलं? म्हटलं, उष्णता झाली असेल. धण्या-जिऱ्याचं पाणी करून दिलं. गरम पाण्याची पिशवी भरून दिली, म्हटलं शेकत पड, संदीप आला की बघू. पिशवी कंबरेला लावताना तिला चटका बसेल म्हणून मी टॉवेलसुद्धा गुंडाळला. तो टॉवेल मला विसरता येत नाही. एवढी काळजी मी कुठून आणली?

घाबरले होते का? होते. हॉस्पिटलात विचारतील, काय झालं, कुणी काय केलं, आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलं, ते काय म्हणाले. सगळं बाहेर पडेल. पण नुसती भीती होती म्हटलं तर मी स्वस्तात सुटले. भीतीबरोबर आणखी एक होतं. दुपारी ती दोनदा मला हाक मारत होती — "ताई, जरा येता?" — आणि घरात तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ज्या पोरीनं चारचौघींत माझं हसं केलं होतं, ती माझ्या पायापाशी कण्हत होती. मला ते आवडत होतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण आवडत होतं. दिवसभर मी तिच्या खोलीत जात-येत राहिले. दर वेळी बघून ठरवायची, आता नेते. आणि दर वेळी पाणी देऊन परत यायची.

संध्याकाळी संदीप आला. ती उठून उभी राहायला गेली आणि डावं पाऊल खाली लटकलं, ओल्या फडक्यासारखं. ती पडली. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि जिन्यानंच पळाला, लिफ्टची वाट न बघता. मी पर्स घेऊन मागून गेले.

हॉस्पिटलात सर्जन आपल्याकडचाच निघाला. हिंदीत बोलणारा. आता मधे मी नव्हते. त्यानं थेट तिला विचारलं, "कल-परसों में किसी ने पीठ दबाई थी? पैर-वैर रखा था?"

सारिकानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "नहीं साब. बर्तन उठाया था."

"ये सुन्नपन कब से है?"

पुन्हा माझ्याकडे बघितलं. "शाम से."

तिनं मला सांभाळून घेतलं. तिला वाटलं, संदीप माझ्यावर चिडेल, दोघा भावांत वाकडं येईल. उगाच ताईंना बोल नको. मी तिच्या उशाशी उभी होते. मला फक्त एक शब्द बोलायचा होता — 'सकाळपासून'. तो सर्जनला उपयोगी पडला असता की नाही, मला माहीत नाही. मी बोलले नाही, एवढं माहीत आहे.

ऑपरेशन लगेच केलं. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं, गादीचा मोठा तुकडा निसटून नसांच्या सगळ्या जुडीवर बसला होता, तो काढलाय. पायातली कळ जाईल. बाकीचं परत येईलच असं सांगू शकत नाही. अशा वेळी जितकं लवकर आणाल तितकं बरं असतं. संदीपनं हात जोडले. म्हणाला, आम्ही कळल्या कळल्या आणलं, डॉक्टर. मीही मान हलवली.

कळ गेली. पाऊल आलं नाही. लघवीची नळी बराच काळ राहिली, आणि ती निघाल्यावरही ते नीट झालं नाही. आता तिला पातळ कापडं ठेवावी लागतात, बाहेर जायचं म्हटलं की आधी तिथे कुठे काय आहे ते विचारावं लागतं. सव्वीस वर्षांची होती. डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी बांधून चालते. चप्पल कधी निसटली ते तिला कळत नाही. मागून कुणीतरी हाक मारून देतं. मूल व्हावं म्हणून दोघं आस लावून होती, त्याबद्दल आता घरात कुणी बोलत नाही. संदीप तिला घेऊन गावी परतला. आम्ही एक केरळी आचारी ठेवला, आणि मी शेगडीखाली लोखंडी स्टँड करून घेतला. आचाऱ्यानं मागितला म्हणून.

त्यानंतर मी पाय लावायचं सोडून दिलं असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही. सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का. परवाच एकजण शारजाहून येऊन गेला.

आणि सारिकाला काय वाटतं, ते ऐका. तिला वाटतं, तिचीच चूक. पायाळू माणसाच्या पायाला हसू नये असं तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं म्हणे. दिवाळीत ती सगळ्यांसमोर हसली, म्हणून हे भोगावं लागलं. संदीपनं मला फोनवर हे सांगितलं. म्हणाला, वहिनी, तुम्ही तिला समजवा ना, असं काही नसतं, तुमचं ऐकेल ती. मी म्हटलं, हो, बोलते. बोलले नाही. तिनं स्वतःला दोष देणं माझ्या सोयीचं होतं. जोवर ती स्वतःकडे बघतेय, तोवर कुणी माझ्याकडे बघणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीला गावी गेलो. सारिका दारात उभी होती. वाळली होती, तरी हसत होती. "या ताई." पाणी दिलं, चहा दिला. मधेच पट्टीचा पाय पुढे ओढत माझ्यासमोर आली आणि वाकायला लागली. तिला वाकायचं नाही. सर्जननं बजावलेलं आहे, संदीप रोज बजावतो. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर, थांबत थांबत, ओठ आवळून ती खाली गेली. संदीप आतून ओरडला, अगं, वाकू नको! तोवर तिचं कपाळ माझ्या पायावर टेकलं होतं.

"ताई, तवा हसलो हुतो मी. मनात ठेवू नगा."

मी पाय मागे घेतला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, वेडी आहेस का? मी केव्हाच माफ केलंय तुला.